आतला भाता

भजनाला बसलेल्या पेटीवाल्याकडे नीट पाहा. उजवा हात पट्ट्यांवर फिरतो, डावा हात मागचा भाता हलवतो. भाता दाबला, सोडला, पुन्हा दाबला. हवा पेटीत शिरते ती अशी तुकड्या-तुकड्यांनी. सूर मात्र सलग निघतो. षड्ज धरून ठेवला तर तो हाताच्या हालचालीबरोबर फुगत-बसत नाही. याचे गुपित पेटीच्या पोटात आहे. बाहेरच्या भात्यातली हवा थेट सुरांकडे जात नाही. आधी ती स्प्रिंगांनी दाबून धरलेल्या आतल्या भात्यात साठते आणि तिथून एकसारख्या दाबाने वर जाते.

गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पाइपांत जे बिघडते, आणि ते बिघडू नये म्हणून जे करतात, त्यातले निम्मे या आतल्या भात्यात आले. उरलेले निम्मे पाइप कसा धरायचा यात आहे. आधी गॅस शांत करायचा आणि मग पाइप धरायचा, हा क्रम आहे. तो उलटा झालेला मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की हे प्रकरण मुख्यतः त्यासाठीच लिहितो आहे.

कॉम्प्रेसर ढोबळमानाने दोन जातींचे. एका जातीत पात्यांची चाके गरागरा फिरतात आणि गॅस सलग पुढे ढकलला जातो. दुसऱ्या जातीत सायकलच्या पंपासारखा दट्ट्या मागे-पुढे धावतो. आपल्याला काम आहे ते या दुसऱ्या जातीशी. मुंबई-पुण्यात सीएनजी पंपावर रिक्षांची रांग लागलेली असते तेव्हा भिंतीपलीकडून जी धडधड ऐकू येते, ती बहुधा याच यंत्राची. जमिनीखालच्या वाहिनीतून आलेला गॅस टप्प्याटप्प्याने दाबून रिक्षाच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत भरायचा असतो, आणि मोजक्या गॅसवर एवढा दाब चढवायला दट्ट्यासारखे साधन नाही. रिफायनरीत डिझेलमधले गंधक काढायला लागणारा हायड्रोजनही असाच दाबतात, कारण तो इतका हलका की फिरत्या चाकांना सहसा दाद देत नाही.

दट्ट्या गॅस देतो तो घोटाघोटाने. दट्ट्या निघाला की आधी सिलिंडरमधला गॅस नुसता आकसतो. आतला दाब पुढच्या पाइपातल्या दाबाहून वर गेला की मगच झडप उघडते, गॅस भसकन बाहेर पडतो, आणि दट्ट्या टोकाला पोचताच झडप मिटते. यंत्र मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १० फेरे झाले. दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी गॅस दाबला जात असेल तर सेकंदाला २० घोट. हा घोट संथ चढ-उताराचा नसतो, झटक्याचा असतो. म्हणून त्यात २० हर्ट्झबरोबर १०, ३०, ४०, ५० अशा पटींतल्या वारंवारताही मिसळलेल्या असतात, जसे तंबोऱ्याच्या एका तारेत वरचे सूरही ऐकू येतात.

आता एक गोष्ट मनात पक्की करू. पाइपातला गॅस स्वतः सेकंदाला दहा-पंधरा मीटर वाहत असेल. पण घोट निघाल्याची वार्ता, म्हणजे दाबाची लाट, ध्वनीच्या वेगाने धावते. नैसर्गिक वायूत नेहमीच्या तापमानाला हा वेग सेकंदाला साधारण ४४० मीटर. ही लाट पाइपाच्या बंद टोकावर आपटली की तशीच परतते. मोठ्या टाकीच्या तोंडाशी पोचली की उलटी होऊन परतते: गेली दाबाची वाढ म्हणून, आली दाबाची घट म्हणून.

एक टोक बंद आणि दुसरे मोठ्या पाइपात उघडलेले, अशा नळीत लाटेच्या लांबीचा पाव भाग नेमका मावला तर जाणारी आणि येणारी लाट एकमेकींना जोर देत राहतात. २० हर्ट्झची लाट ४४० भागिले २०, म्हणजे २२ मीटर लांब. तिचा पाव भाग साडेपाच मीटर. कॉम्प्रेसरजवळ बायपासची साडेपाच मीटरची फांदी असावी आणि तिच्या टोकाचा व्हॉल्व्ह बंद असावा, एवढे पुरते. त्या फांदीतून गॅस वाहत नाही, कोणी तिच्याकडे पाहतही नाही, आणि सगळ्यांत मोठा दाबाचा हेलकावा तिच्याच बंद टोकाशी सापडतो. सतारीच्या तरफांच्या तारांना प्रत्येक सुराला कोणी छेडत बसत नाही; वरच्या तारेवर त्यांचा सूर लागला की त्या आपोआप झंकारतात. ही फांदी म्हणजे गॅसची तरफ. व्हॉल्व्ह उघडला की लांबी बदलते आणि तीच फांदी गप्प होते. म्हणून पाइप हलत असल्याची तक्रार आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्या वेळी कोणकोणते व्हॉल्व्ह बंद होते?

दाब नुसता वर-खाली झाला म्हणून पाइप हलत नाही. सरळ पाइपात दाब भिंतींना चहूबाजूंनी सारखाच रेटतो आणि हिशेब शून्यावर येतो. जोर निघतो तो पाइप जिथे वळतो, जिथे बंद होतो किंवा जिथे त्याचा व्यास बदलतो तिथे. दोन एल्बोंमधला, म्हणजे दोन वळणांमधला, एक सरळ तुकडा घ्या. दोन्ही एल्बोंवर दाब एकाच क्षणी वाढला तर दोन्ही रेटे एकमेकांना खातात. पण एल्बोंमधले अंतर अर्ध्या लाटेइतके, आपल्या उदाहरणात ११ मीटर, असले तर एकीकडे दाब चढलेला असताना दुसरीकडे उतरलेला असतो. मग सगळा तुकडा आधी इकडे, मग तिकडे ओढला जातो.

किती जोराने? ५० बारची लाइन घेऊ, आतला व्यास २०० मिलिमीटर. दाबाचा हेलकावा खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत फक्त एक टक्का, म्हणजे अर्धा बार. गेजच्या काट्यावर तो जेमतेम दिसेल. पण पाइपाच्या आतल्या तोंडाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर आहे, आणि त्यावर अर्धा बार म्हणजे सुमारे १६० किलोचा जोर. दोन धडधाकट माणसे एल्बोवर सेकंदाला २० वेळा चढतात आणि उतरतात, असे समजा. काहीच बंदोबस्त नसलेल्या पाइपात हेलकावा पाच टक्क्यांवर गेला तर दहा माणसे.

ही माणसे थकत नाहीत. थकतो तो पाइप. सेकंदाला २० हिसके म्हणजे दिवसाला १७ लाख २८ हजार. सहा दिवसांत एक कोटी.

वारंवार हिसके बसले की मजबूत लोखंडही, मोडायला लागणाऱ्या जोरापेक्षा कितीतरी कमी जोराने मोडते, हे माणसाला फार महागात पडून कळले. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढून पेटले आणि पन्नासहून जास्त माणसे गेली. त्यांत सागरप्रवासी ड्युमाँ द'उर्व्हिल आणि त्याचे कुटुंबही होते. पुढे ऑगस्ट व्होलर या प्रशियाच्या रेल्वे अभियंत्याने आसांच्या लोखंडावर वर्षानुवर्षे चाचण्या केल्या आणि दाखवून दिले की जोर किती मोठा यापेक्षा तो किती खाली-वर होतो आणि किती वेळा होतो, यावर धातूचे आयुष्य ठरते. कॉम्प्रेसरचा पाइप ही त्या आसाचीच पुढची पिढी आहे.

आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की मोठा पाइप सहसा फुटतच नाही. फुटते ते त्याच्या अंगावरचे काहीतरी लहान: पाऊण इंची टॅपिंग, म्हणजे पाइपातून काढलेली बारीक नळी, तिच्या टोकाला वजनदार व्हॉल्व्ह, त्यावर गेज. काडीच्या टोकाला नारळ बांधून काडी हलवावी तसा हा प्रकार. सगळा ताण येतो मुळाशी, नेमका वेल्डच्या कडेला, जिथे धातू आधीच सर्वांत हळवा असतो. मोठ्या पाइपाची भिंत, जाडी, आधार यांचे नकाशे दहा जण तपासतात. ड्रेन आणि व्हेंटच्या नळ्या जागेवर फिटर बसवतो तशा बसतात. ब्रिटनच्या समुद्रातल्या तेल-वायू फलाटांवरच्या गळत्यांचा हिशेब तिथल्या सुरक्षा खात्याने मांडला, तेव्हा दर पाच गळत्यांतली साधारण एक कंपनामुळे आणि धातूच्या थकव्यामुळे झालेली निघाली.

हे ज्ञान आज आयते मिळते, कारण अमेरिकेने ते आधी भोगले. दुसऱ्या महायुद्धात टेक्सासचे तेल पूर्व किनाऱ्याला नेण्यासाठी ‘बिग इंच’ आणि ‘लिटल बिग इंच’ या प्रचंड वाहिन्या घातल्या होत्या. १९४७ मध्ये त्या नैसर्गिक वायूसाठी विकल्या गेल्या. युद्धानंतर अशा वाहिन्यांचे जाळे वाढत गेले आणि मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे घेणारी अवाढव्य इंजिन-कॉम्प्रेसर ठिकठिकाणी रांगेने बसली. एकाच हेडरला, म्हणजे सामायिक पाइपाला, अनेक यंत्रे जोडली की पाइप थरथरायचे, मीटर खोटे बोलायचे, वेल्ड उकलायचे. १९५२ मध्ये सदर्न गॅस असोसिएशन या संघटनेने यासाठी संशोधन मंडळ उभे केले आणि काम टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटकडे गेले.

तिथे जे घडले ती अभियांत्रिकीतली माझी अत्यंत आवडती गोष्ट आहे. मोठे संगणक तेव्हा हाताशी नव्हते. लाटांची समीकरणे माहीत होती, पण शेकडो वळणे आणि फांद्या असलेल्या स्टेशनासाठी ती हाताने सोडवणे अशक्य होते. मग त्या लोकांनी विजेची मदत घेतली. पाइपातल्या गॅसला वस्तुमान असते, तो हलायला आणि थांबायला वेळ घेतो. कॉइलमधला करंटही असाच बदलायला वेळ घेतो. टाकीत गॅस दाबून साठतो. कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठतो. दाबाच्या जागी व्होल्टेज, गॅसच्या ओघाच्या जागी करंट. मग पाइपाचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक कॉइल आणि एक कपॅसिटर. असे शेकडो तुकडे तारांनी जोडले की अख्खे स्टेशन एका खोलीत उभे राहते. एका टोकाला दट्ट्याच्या चालीने विजेचे झटके सोडायचे आणि हव्या त्या जागी ऑसिलोस्कोप लावून लाट पाहायची. सहा इंचीऐवजी आठ इंची पाइप घातला तर? कॉइल बदला, पडद्यावर पाहा. टाकी दीडपट केली तर? कपॅसिटर बदला, पाहा. लोखंडाचा एक तुकडाही न कापता पाइपाचे भविष्य कळू लागले. पुढची काही दशके हीच रीत चालली. नंतर तिची जागा डिजिटल संगणकाने घेतली, पण आधी मांडायचे, मग बांधायचे, हा शिरस्ता तिथून आला.

आज हा शिरस्ता अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ‘एपीआय ६१८’ या मानकात लिहिलेला आहे. त्याची पाचवी आवृत्ती २००७ ची. पाइपात किती हेलकावा चालेल हे त्यात दाब, व्यास, वारंवारता आणि ध्वनीचा वेग यांवरून ठरते. वर मी एक टक्का उगाच घेतला नव्हता. ५० बार, २०० मिलिमीटर, २० हर्ट्झ आणि ४४० मीटर हे आकडे त्या सूत्रात घातले की उत्तर एक टक्काच येते. म्हणजे दोन माणसांचा तो चढ-उतार मानकाला मान्य आहे. त्यापुढचे काम पाइप धरणाऱ्याचे.

गॅस शांत करतात कसा? सिलिंडरला अगदी खेटून, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या अशा दोन्ही बाजूंना, एकेक जाडजूड बंद पिंप बसवतात. कारखान्यात त्याला डॅम्पनर किंवा नुसते बॉटल म्हणतात. हाच पेटीचा आतला भाता. फक्त इथे स्प्रिंग वेगळी लागत नाही, दाबलेला गॅस स्वतःच स्प्रिंग असतो. घोट आला की बॉटलमधला दाब किंचित वाढतो, घोट थांबला की किंचित उतरतो, पुढच्या पाइपाला सलग ओघ मिळतो. बॉटल जितकी मोठी तितका ओघ सपाट. पण ५० बारचे मोठे पिंप म्हणजे जाड पोलाद, मोठी किंमत आणि सिलिंडरच्या डोक्यावर लटकणारे वजन.

म्हणून एक सुंदर युक्ती करतात. बॉटलच्या आत आडपडदा घालून दोन कप्पे करतात आणि ते एका अरुंद नळीने जोडतात. नळीतला गॅस जड गोळ्यासारखा वागतो, दोन्ही कप्प्यांतला गॅस स्प्रिंगांसारखा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जो घुमणारा सूर निघतो, त्यामागेही हीच जोडी असते: मानेतल्या हवेचा गोळा आणि पोटातल्या हवेची स्प्रिंग. हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ गोलांनी सुरांचे घटक वेगळे करून दाखवले. इथे त्याचा उपयोग उलटा आहे. या जोडीचा स्वतःचा सूर यंत्राच्या फेऱ्यांच्या बराच खाली ठेवला की त्याहून जलद येणारे ठोके पलीकडे फारसे पोचतच नाहीत.

दुसरे साधन याहून साधे: फ्लँजमध्ये बसवलेली, पाइपाच्या साधारण निम्म्या व्यासाचे भोक असलेली चकती, म्हणजे ओरिफिस प्लेट. गॅस जिथे जोरात पुढे-मागे होतो, उदाहरणार्थ बॉटलच्या तोंडाशी, तिथे ती लाटेचे बळ घासून संपवते. हेलकावा जिथे फक्त दाबाचा असतो आणि गॅस जागचा हलत नाही, त्या बंद टोकाशी ती बसवली तर काडीचाही उपयोग नाही. आणि ती स्वस्त वाटली तरी फुकट नाही. ओघातला थोडा दाब ती कायम खाते, आणि तो दाब परत चढवायला यंत्र वर्षभर जास्त वीज घेते.

आता पाइप धरण्याकडे येऊ. प्रत्येक तुकड्याचा स्वतःचा हलण्याचा एक ठेका असतो, त्याची नैसर्गिक वारंवारता. गॅसचा ठेका त्याच्याशी जुळला तर तेवढ्याच जोराने हलणे दहा-वीस पट होऊ शकते. त्यामुळे पाइपाचा सर्वांत खालचा ठेका यंत्राच्या कमाल फेऱ्यांच्या किमान २.४ पट वर हवा, आणि ज्या वारंवारतांना गॅसचा जोर मोठा आहे त्यांच्यापासून २० टक्के दूर हवा, असा नियम आहे. ६०० फेऱ्यांच्या यंत्राला म्हणजे २४ हर्ट्झच्या वर. आधारांमधले अंतर निम्मे केले की हा ठेका चौपट वर जातो. जोर एल्बोंवर निघतो, म्हणून आधारही एल्बोंजवळ हवेत.

इथे एक जुना वाद उभा राहतो. उष्णतेचा हिशेब करणारा म्हणतो, गॅस दाबला की तापतो, पाइप लांबतो, त्याला मोकळा सोडा. कंपनाचा हिशेब करणारा म्हणतो, गच्च आवळा. दोघेही बरोबर आहेत. तोडगा कागदावरच निघायला हवा: पाइप जमिनीलगत, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, दोन्ही बाजूंनी बोल्ट असलेला रुंद पट्टीचा क्लॅम्प, आणि लांबायला जागा द्यायची ती विचारपूर्वक निवडलेल्या वळणांत. नुसता टेकवलेला पाइप किंवा सळईचा यू-बोल्ट वजन पेलतो, हिसका पेलत नाही. असा पाइप उंच रॅकवर नेला तर रॅकही त्याच्याबरोबर नाचतो.

क्रम उलटा झाला म्हणजे काय होते, तेही सांगतो. पाइप हलतो म्हणून कोणीतरी मधे एक टेकू देतो. गॅस तसाच उसळतो आहे. टेकूने फक्त पाइपाचा ठेका वर सरकवला, आणि तो २० हर्ट्झपासून सुटून ३० किंवा ४० हर्ट्झच्या तावडीत सापडला. किंवा टेकूच्या पलीकडचा तुकडा हलू लागला. मग आणखी एक टेकू. टेकूंचे जंगल होते आणि वेल्ड उकलतच राहतात.

कधी कधी पाइप आणि टेकू दोन्ही बरोबर असतात, आणि गॅसच बदलतो. नवा हायड्रोजन कॉम्प्रेसर आधी नायट्रोजनवर चालवून पाहतात. नायट्रोजनमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३५० मीटर, हायड्रोजनमध्ये सुमारे १३०० मीटर. चाचणीत शांत राहिलेल्या पाइपाने प्रत्यक्ष कामात शांत राहावे, असे काही बंधन त्याच्यावर नाही; त्या दोन वायूंना तोच पाइप वेगवेगळ्या लांबीचा भासतो. तसेच गॅसची मागणी कमी झाली म्हणून दट्ट्याची एक बाजू रिकामी चालवली, तर २० हर्ट्झचा ठोका मागे पडतो आणि १० हर्ट्झचा वर येतो. आणि वेग बदलणारी यंत्रे सर्वांत अवघड. ७५० ते १००० फेऱ्यांमध्ये चालणारे यंत्र घ्या. त्याची तिसरी पट ३७.५ ते ५० हर्ट्झ व्यापते आणि चौथी पट नेमकी ५० पासून सुरू होते. त्यापुढे पाइपाचा ठेका ठेवायला मोकळी जागाच उरत नाही. अशा ठिकाणी गॅस शांत करण्यावाचून दुसरा इलाज नाही, आणि बॉटलच्या आकारात काटकसर करणाऱ्यांना मी हाच आकडा दाखवतो.

हे पुस्तक वाचणाऱ्यांत कॉम्प्रेसरच्या पाळीवर उभे राहणारेही असतील. त्यांना एक विनंती. फेरी मारताना मोठ्या पाइपाकडे पाहालच. पण गेजच्या, ड्रेनच्या, व्हेंटच्या नळीकडे मुद्दाम पाहा. नळीची कड धूसर दिसत असेल, गेजचा काटा फरफरत असेल, तर तिला जवळच्या खांबाला बांधू नका. मोठा पाइप हलेल, खांब हलणार नाही, आणि नळी मधेच पिळली जाईल. तिला आधार द्यायचा तो त्याच मोठ्या पाइपापासून, दोन दिशांनी. आणि चालत्या गॅसच्या पाइपावर वेल्ड घालायचा नसतो, म्हणून क्लॅम्पचा आधार. त्याआधी कोणते व्हॉल्व्ह बंद होते, यंत्र किती फेऱ्यांवर होते, गॅस कोणता होता, हे लिहून वरच्यांना कळवा, आणि त्याच पाळीत कळवा. आठवड्याच्या बैठकीपर्यंत थांबलात तर तोवर त्या वेल्डवर एक कोटी वीस लाख हिसके बसून गेलेले असतात.